खुर्ची किरकिरली तेव्हा

कॅम्प नंबर चार, विलिस्टनजवळ
नॉर्थ डकोटा
शनिवार, २४ ऑक्टोबर १९८१

प्रिय अर्लीन,

तू, हॉलिस आणि बाळ तिघंही बरी असाल. मी बरा आहे. इथे बर्फ पडायला लागलाय आणि तेलाच्या विहिरीवरचा लोखंडी जिना सकाळी हाताला चिकटतो. तुझं सोमवारचं पत्र काल मिळालं. माझं अक्षर तुला माहीत आहे. आठवीच्या पुढे मला ढकलायचा प्रयत्न तूच केला होतास, म्हणून चुका निम्म्या तुझ्या धर.

आज आपली मॅच नाही. शनिवार असून मॅच नाही म्हणजे काय करायचं ते मला कळत नाही. सकाळपासून दोनदा बूट पुसले, एकदा कॅम्पच्या कुंपणापर्यंत जाऊन आलो. स्वेन, माझ्या खोलीतला मिनेसोटाचा पोरगा, म्हणाला, "अरे, बस की जरा कुठेतरी." मग हे पत्र घेऊन बसलो.

पहिल्यांदा चांगलं लिहितो. टॅलमेज कॉलेजची आपली फुटबॉल टीम अजून संपलेली नाही. मी हिशेब केलाय. पुढच्या तिन्ही मॅच आपण जिंकल्या आणि ओकालुसा एक हरलं, तर बाद फेरीत आपण आत, आणि मग डिसेंबरात पुन्हा तेच समोर. गेल्या शनिवारचं तेवीस-बावीस म्हणजे काही हरणं नव्हे. चार बोटं चेंडू डावीकडे असता तर आज जिंकणाऱ्याकडे जाते ती घंटा आपल्या गावात असती. तू लिहिलंस की न्हाव्याने काचेवर "डिसेंबर" एवढंच रंगवलंय, आणि किक चुकलेल्या त्या फेल्टन पोराच्या खोलीवर गावातल्या बायकांनी घरी भाजलेल्या सात गोड पाई नेऊन दिल्या, त्यातल्या दोन पेकन अक्रोडाच्या. वाचून बरं वाटलं. हीच आपली माणसं. आपल्या घरातलं कोणी त्या कॉलेजच्या वर्गात बसलेलं नाही, डॅडींनी फक्त तिथल्या छपरावर पत्रे ठोकले, पण टॅलमेज हरलं की आपल्याकडे जेवण उतरत नाही आणि सोमवारी पुन्हा सगळे म्हणतात, पुढच्या वेळी.

आणि तू लिहिलंस की डॅडी या वेळी शहाण्यासारखे वागले. रेडिओ आपटला नाही, हॉलिसला ओकालुसाचा म्हणून शिव्या दिल्या नाहीत. रविवारी नदीपलीकडे ओकालुसावाल्यांनी घंटा तेवीस वेळा वाजवली ती ओसरीत बसून शांतपणे मोजली. आणि रविवारी, सोमवारीही दुपारी एक ते साडेतीन ते त्यांच्या खुर्चीत बसले. रेडिओ बंद, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, अडीच तास उठले नाहीत. तू विचारलंस तर म्हणाले, "सराव चाललाय." हॉलिस म्हणाला, "म्हाताऱ्याला टीममध्ये घ्या, बाकावर बसायला एक नंबर माणूस." तुला हसू आलं.

मला आलं नाही, अर्लीन.

इथलं जेवण बरं असतं. मक्याचा ब्रेड मात्र यांना येत नाही, साखर घालतात त्यात. मी स्वयंपाक्याला सांगितलं तर म्हणाला, "मग केक समजून खा." मागच्या महिन्यात एकाचं बोट गेलं साखळीत. माझं नाही. मी परत नोकरी सोडणार असं तुला वाटत असेल तर नाही सोडत. कोळंबीच्या बोटीवर चार महिने, जत्रेतल्या पाळण्यांवर सहा, इथे आता चौदा झाले. मला एका जागी बसता येत नाही आणि डॅडींना उठता येत नाही असं मम्मा म्हणायची, आठवतं ना.

काल संध्याकाळी मी घरी फोन केला. तुझं पत्र खिशात होतं. ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते.

"रॉयस," डॅडी म्हणाले, "आज मॅच आहे का रे?"

"नो सर. शुक्रवार आहे."

"मग फोन कशाला केलास? कोण मेलं?"

"कोणी नाही. तुमची तब्येत विचारायला केला."

"तब्येतीला काय झालंय? काल दोन तास पन्नास मिनिटं बसलो. लघवीलासुद्धा नाही उठलो. पुढच्या शनिवारपर्यंत सव्वातीन तासांवर जातो का नाही बघ."

"डॅडी, गोळ्या घेता ना?"

ते म्हणाले, "पोरा, त्या दिवशी मी उठलो. ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पुन्हा उठणार नाही. छत अंगावर पडलं तरी नाही. तू फक्त टोपी घाल आणि वेळेवर फोन कर."

आणि मी म्हणालो, "यस सर."

एवढंच म्हणालो. फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो, मागचा माणूस खाकरेपर्यंत.

आता जे लिहायचं ते लिहितो. हे तू हॉलिसला वाचून दाखव, मला लाज वाटणार आहे तरी दाखव.

तुला डॅडींच्या रेडिओच्या खोलीचे नियम माहीत आहेत. चौऱ्याहत्तर साली ओकालुसाला हरवलं त्या दिवशी जे जिथे होतं ते तिथेच राहायचं. डॅडी खुर्चीत, डावा बूट काढलेला, ताकात कुस्करलेला ब्रेड उजव्या हाताशी. चेंडू आपल्याकडे असेल तोवर कोणी हलायचं नाही. तू सतरा वर्षांची असताना अख्खा पाऊण तास दारात पाय आवळून उभी होतीस आणि मम्मा म्हणाली होती, "पळतात ती पोरं, आणि घाम तुम्हाला." पण तीसुद्धा हातातली पळी खाली ठेवत नव्हती.

मम्मा गेल्यावर मी कसा निघून गेलो ते तू विसरलेली नाहीस. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. डॅडी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहिल्या सीझनला मी कुठल्याशा पेट्रोल पंपावरून फोन केला, तर हॅलो नाही की कुठे आहेस नाही. म्हणाले, "दुसरा क्वार्टर चाललाय, ऐक," आणि रिसीव्हर रेडिओला लावला. तेव्हापासून तसंच. शनिवारी मी जेवणघरातल्या भिंतीवरच्या फोनला कान लावून उभा, डोक्यावर त्यांची जुनी लाल टोपी, तिकडे रिसीव्हर रेडिओपाशी. आम्हा बापलेकांचं बोलणं म्हणजे एवढंच, अर्लीन. दोन वर्षांत दुसरं काही नाही. पण रेडिओच्या मागे मला त्यांचा श्वास ऐकू येतो, चमचा ऐकू येतो, आणि खुर्चीची ती स्प्रिंग. ते वाकले तरी ती बोलते. त्यांना वाटतं मी फक्त मॅच ऐकतो.

तर सतरा तारखेची ओकालुसाची मॅच. दोन मिनिटं राहिलेली, आपण एका गुणाने मागे, चेंडू आपल्याकडे आणि आपण पुढे सरकतोय. तेव्हा डॅडी रिसीव्हरशी तोंड आणून म्हणाले, "रॉयस, माझा हात बधिर झालाय."

मी म्हणालो, "कुठला?"

"डावा. आणि जबड्यात कळ येतेय. कोणाला पाठवून अर्लीनला बोलवू का?"

मी काय म्हणालो ते असं. "हलू नका, डॅडी. अठरा यार्डांवर आहोत."

ते म्हणाले, "बरं." आणि हलले नाहीत. मग मी फक्त श्वास ऐकत होतो. मी मॅच ऐकत नव्हतो. खोटं कशाला लिहू, दोन्ही ऐकत होतो. श्वास असा येत होता जसा ओली गोणी ओढावी. वसंतात डॉक्टरांनी दिलेल्या जिभेखालच्या गोळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीमागे असतात, कारण चौऱ्याहत्तर साली त्या टेबलावर गोळ्यांची बाटली नव्हती. खुर्चीपासून बारा पावलं. ते मला माहीत होतं. फेल्टन किक मारायला आला. निवेदक म्हणाला, मैदान गप्प झालंय. आणि तेव्हा स्प्रिंग किरकिरली. मोठ्याने, पूर्ण. ते उठले.

चेंडू खांबाला लागला.

आणि मी, आपल्या बापाला काय होतंय हे माहीत असताना, ओरडलो, "तुम्ही उठलात?"

पलीकडे पावलं. काच पडल्याचा आवाज, बहुतेक मिठाची बरणी. बऱ्याच वेळाने ते परत आले. म्हणाले, "गॅस होता. बरा आहे आता. अर्लीनला सांगू नकोस." मग म्हणाले, "हो. उठलो मी." एखाद्याने गुन्हा कबूल करावा तसं. स्वेन मागे रांगेत होता, त्याने माझं तोंड बघून विचारलं, "कोण गेलं रे?" मी म्हणालो, "कोणी नाही. एका गुणाने हरलो."

आता तुला कळलं असेल ते सराव कशाचा करतात. गाव डिसेंबरची वाट बघतंय, न्हावी बघतोय, मीसुद्धा बघत होतो. डॅडी खुर्चीत बसून वाट बघतायत की पुन्हा कळ येईल आणि या वेळी ते उठणार नाहीत. ते ठरलंय त्यांचं. डॉक्टरने सांगितलं तर ते डॉक्टरला बाहेर काढतील. तू रडलीस तर म्हणतील, सीझन संपू दे.

म्हणून मी एक चिठ्ठी सोबत ठेवतोय. ती त्यांना दे. तीत लिहिलंय ते खरं नाही, टोपी माझ्या डोक्यावरच होती, कानांपर्यंत ओढलेली. पण ते तुला विचारतील तेव्हा तू सांग की हो, रॉयसने मला आधीच लिहिलं होतं, लाजेने लपवत होता. ते विश्वास ठेवतील. शाळा सोडणाऱ्या, न सांगता पळणाऱ्या पोराबद्दल हे मानायला त्यांना जड जाणार नाही. मला माफही करतील. फक्त शनिवारी रिसीव्हर रेडिओला लावतील असं मला वाटत नाही.

तू एवढं कर. बाटली त्यांच्या शर्टाच्या खिशात घाल, चिठ्ठी वाचून झाल्यावर, आधी नाही. मॅचच्या वेळी तू दारात उभी राहा, तुझी जागाच आहे ती, त्यांना संशय येणार नाही. हॉलिसला सांग, गाडीच्या काचेवरचं ओकालुसाचं स्टिकर खरवडून काढ. डॅडी मेले तरी त्या स्टिकरमागे बसून दवाखान्यात जाणार नाहीत, आणि हे मी गमतीने लिहीत नाही.

टपालाची गाडी सोमवारी सकाळी येते. तुझ्याकडे फोन नाही. घरचा फोन लावला तर तेच उचलतात, आणि त्यांच्या आवाजापुढे माझ्या तोंडून "यस सर" खेरीज काही निघत नाही, ते काल बघितलं. हॉलिसच्या लाकूड गिरणीत आज सकाळी लावून पाहिला, तर तिथला माणूस म्हणाला, निरोप फक्त मयताचे घेतो. मी म्हणालो, अजून नाही, आणि ठेवून दिला. हे पत्र गुरुवारी पोचेल, नाहीतर शुक्रवारी. शनिवारी एक वाजता मॅच आहे. रस्त्यात बर्फ आहे असं म्हणतात.

हे हातात पडलं की भांडी तशीच टाक आणि जा.

तुझा भाऊ,
रॉयस

*

डॅडी,

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. ओकालुसाच्या मॅचला शेवटच्या दीड मिनिटात आमचा मुकादम जेवणघरात आला आणि मी टोपी काढली. विसरून काढली नाही. तो हसेल म्हणून काढली. फेल्टन पळत आला तेव्हा ती माझ्या खिशात होती. तुम्ही उठायच्या आधीच ते होऊन गेलं होतं.

तुम्ही उठलात त्याने काही झालं नाही. तुम्ही पुन्हा उठलात तरी काही होणार नाही. हवं तेव्हा उठा, हवं तेवढ्यांदा उठा, खोलीभर फिरा. दोष टोपीचा होता, खुर्चीचा नाही.

या शनिवारी मी फोन करणार नाही, म्हणजे माझ्यामुळे पुन्हा काही बिघडायला नको. रेडिओ जवळ घेऊन ऐका. डिसेंबरात आपणच जिंकू, तोवर अर्लीन म्हणेल तिथे जा.

ज्याच्यामुळे आपण हरलो तो,
तुमचा रॉयस