शिडी उतरते – होय

१४ तारीख, मंगळवार
वर्ग सुटल्यावर

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजी मजेत असतील, तुझी पाठ दुखायची थांबली असेल, सगळं बरंच असेल असं धरून चालते. चार गल्ल्या सोडून राहणारी बहीण पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. रविवारी तू फोन आपटलास, त्यानंतर मी चार वेळा केला, तू उचलला नाहीस. पत्र मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. दुसऱ्याच्या चुका शेवटपर्यंत वाचायची तुला भारी हौस!

आधी बालवाडीची खबर. मैदानाला कुलूप लागून आज पंधरा दिवस झाले. किल्ली मोठ्या बाईंच्या खणात. चार-पाच वर्षांची बावीस पोरं नऊ ते बारा बाकांवर. मैदान बंद करा म्हणून तू केलेल्या अर्जात काय छान लिहिलंय, 'खेळाच्या वेळेचा उपयोग वाचन-लेखनासाठी व्हावा.' ये की एकदा बघायला! काल एकाने शेजारणीच्या कानाला चावा घेतला. दुसरा तीन तासांत अकरा वेळा शूला गेला, कारण तिथवरचा बोळ हीच आता पळायची जागा. 'क' गिरवायला सांगितला की अर्धा वर्ग बाकाखाली. माझा घसा बसलाय, डोकं भणभणतंय. वीट आलाय ताई, अक्षरशः वीट.

आणि भिंगरीचं ऐक. तुझी लेक वीसपर्यंत मोजते म्हणून तू सगळ्या नात्यागोत्यात फोन केलेस आणि श्रेय दिलंस त्या दीडशे पानी वहीला. अगं, ती वही भरून संपली तरी पोरगी सहानंतर आठच म्हणत होती! मी मैदानात खडूने चौकोन आखले. एक उडी, एक आकडा. ती सात गाळून पुढे गेली तर बाकीचे बोंबलले, "सात राहिला, सात राहिला!" ती परत आली आणि सातवर दोनदा उडी मारली, एक दंड म्हणून. त्यानंतर तिचा सात कधी चुकला नाही. वर-खाली, आधी-नंतर, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हरलो तरी भोकाड पसरायचं नाही, हे सगळं ती तिथेच शिकली. रविवारी मी हेच सांगत होते. फक्त धड सांगितलं नाही, तुला 'वहीवेडी' म्हणाले. ते चुकलं माझं.

तू म्हणालीस, "तू शेजारी उभी असताना माझी पोर शिडीवरून पडून हात मोडून घेते, मग ती शिडी धोक्याचीच ना?" मोठ्या बाईही तेच म्हणतात. अर्जावर सह्या करणारे सतरा पालकही तेच म्हणतात. त्यावर मी परत वहीवरच घसरले. तुला वाटलं, जिंकलीस.

मोठ्या बाई आत्ता डोकावून गेल्या. मी पत्रावर हात ठेवला. आता लिहूनच टाकते, नाहीतर परत राहील.

आमच्या तक्त्यांचं तुला ठाऊक नसेल. यंदा खेळाचा तास ठेवायला मोठ्या बाई एकाच अटीवर राजी झाल्या. कोणतं मूल कोणत्या खेळातून काय शिकलं याची लेखी नोंद हवी, दर मुलामागे एक तक्ता, दर शुक्रवारी. मी हौसेने हो म्हणाले. भिंगरी पडली त्या शुक्रवारी नऊ तक्ते राहिले होते. मी पायरीवर बसून ते भरत होते, शिडीपासून चांगली वीस पावलं लांब. भिंगरी वर पोचली आणि ओरडली, "मावशी, बघ!" मी मान वर न करता म्हटलं, "बघतेय गं." तिने परत हाक मारली. मी परत तेच म्हटलं. एरवी मी खाली उभी राहून "हा पाय, आता तो पाय" असं सांगते तेव्हा ती उतरते. ती माझी वाट बघून बघून एकटीच उतरायला लागली. मी तिचाच तक्ता भरत होते. शिडी चढते – होय. शिडी उतरते – होय. मदत लागते का – नाही.

'नाही' लिहिलं आणि ती किंचाळली.

दवाखान्यात तू विचारलंस, "तू कुठे होतीस?" तुझा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजारीच होते गं, तिनेच एकदम हात सोडला." झालं. बोलले ते गिळता येईना. रोज वाटायचं, उद्या सांगू. तोवर त्याच खोट्यावर तुझा अर्ज उभा राहिला. बाई शेजारी असूनही मूल पडत असेल तर कुलूप लावणारच ना कुणीही! आणि मी बसले मैदानासाठी तुझ्याशी भांडत. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

तरी मी हे दडपूनही नेलं असतं. खोटं कशाला सांगू? पण काल भिंगरी जिना उतरत होती. प्लास्टरचा हात पोटाशी, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मधेच थांबून म्हणाली, "मावशी, मी आईला सांगितलं, मावशी तिथे नव्हती. आई रागावली. म्हणाली, मावशीवर आळ घेऊ नये. मी हात सोडला का गं, मावशी?"

मी काय म्हणाले माहितेय? "चल लवकर, उशीर होतोय."

माझी मलाच लाज वाटते. एवढ्याशा पोरीने जे पाहिलं तेच मी तिला खोटं वाटायला लावलं. हात तर महिन्याभरात जुळेल.

शुक्रवारी पालकसभा आहे. तक्ता हातात घेऊन हे सगळं मी उभी राहून सांगणार आहे. मोठ्या बाई मला ठेवतील असं वाटत नाही. न ठेवोत. पण शिडीपाशी एक बाई उभी हवी आणि लिहिणं वर्ग सुटल्यावर व्हायला हवं, एवढा नियम केला तरी पुरे. त्यासाठी बावीस पोरांना कशाला कोंडायचं? अर्जावर पहिली सही तुझी आहे. तू ती मागे घेतलीस तर बाकीचे ऐकतील. तुझ्या पाया पडते, एवढं कर. नाही केलंस तरी तक्रार करायला मला तोंड नाही.

माझ्याशी हवं तर वर्षभर बोलू नकोस. पण भिंगरीला शुक्रवारपर्यंत ताटकळत ठेवू नकोस. पत्र शिपायाबरोबर आत्ताच धाडतेय. वाचून झालं की तिला जवळ घे आणि सांग, तू खरं बोललीस, मावशी तिथे नव्हती. ती विचारेल, मग मावशी खोटं का बोलली? त्याचं उत्तर तू देऊ नकोस. ते द्यायला मला बोलाव.

आज तरी खरं बोललेली,
तुझी धाकटी