न उठणारा कॉम्प्युटर आणि अठरा पायऱ्यांचं शिष्टमंडळ

इरबिद, शनिवार

आदरणीय सुहैलाताईस धाकट्या अदीबचा सलाम, आणि भावोजींना त्यांच्या गुडघ्यांसकट वेगळा सलाम. अकाबाची हवा तुला मानवते आहे आणि सूनबाई मीठ बेताने घालते आहे, एवढं कळलं तरी इथे आम्हाला घास गोड लागेल. माझं म्हणशील तर तब्येत ठणठणीत, फक्त अब्रू जरा आजारी आहे. कशाने, ते सविस्तर लिहितो, बसून वाच.

ही गेल्यापासून घरात मी आणि धाकटी लेक रुदैना दोघंच, हे तू जाणतेस. रुदैनाच्या टेबलावर कॉम्प्युटर एकच, पण त्यात बिऱ्हाडं दोन. विंडोज बसवलं आपल्या मोठ्या जावयाने, मेहदीने (लग्नाच्या पहिल्या वर्षी जावयाला नाही म्हणता येत नाही). मग वरच्या मजल्यावरच्या आपल्या फव्वाजला वाटलं, सख्ख्या भावाच्या घरात जावयाचंच चालावं हे काही बरं दिसत नाही. म्हणून त्याच्या नवाफने दुसरी डिस्क आणून तीवर लिनक्स बसवलं (पुतण्याला तर कधीच नाही म्हणता येत नाही). तेव्हापासून बटण दाबलं की आधी पडद्यावर यादी यायची, कोणाला उठवू म्हणून. यादीत लिनक्स वर, विंडोज खाली. या वर-खालीपायी मेहदी दोन ईदांना आमच्याकडे जेवला नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी यादीच येईना. काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बस्स. रुदैनाने तुमच्या अकाबातल्या एका नोकरीसाठी केलेला अर्ज आणि सोबतचं दोन वर्षांचं काम, सगळं लिनक्सच्या डिस्कवर. आणि अर्ज पोचायची मुदत बुधवार दुपारची. पोरीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

मेहदी धावत आला. त्याने विंडोज दुरुस्त केलं, ते एकटंच उठून बसलं, आणि लिनक्सची यादी गेल्याची बातमी त्याने सांगितली ती पेढे वाटल्यासारखी. मग नवाफ खाली आला, तर त्याला आपली डिस्कच कुठे दिसेना. मेहदीने माझी डिस्क मारली, असं म्हणून तो जिना चढून गेला तो पुन्हा उतरेना. मेहदी म्हणाला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर यादी लादणाऱ्याने आळ घेऊ नये. सोमवार रागात गेला, मंगळवार मानापमानात. चूक कोणाची हे सगळे विचारत होते, अर्ज कसा जाणार हे विचारायला कोणाला सवड नव्हती (रुदैना स्वतः कॉम्प्युटर इंजिनियर आहे, पण चार पुरुष बोलत असताना तिला कुठे मध्येच विचारायचं?).

शेवटी बुधवारी सकाळी समेटासाठी शिष्टमंडळ काढलं. कुळातले वडीलधारे हाजी अबू सक्र पुढे, मागे आम्ही सहा जण, खांद्यांवर ठेवणीतले झगे, आणि एवढा लवाजमा अठरा पायऱ्या चढून माझ्या सख्ख्या भावाच्या दारात. फव्वाजने रीतीप्रमाणे कॉफी मांडली आणि आम्हीही रीतीप्रमाणे तिला शिवलो नाही (मागणं मान्य होईपर्यंत प्यायची नाही, आणि फव्वाजकडची कॉफी असली की हे पथ्य जड जात नाही). हाजींनी कुळाच्या मोठेपणावर पाऊण तास भाषण केलं. त्यात कॉम्प्युटरचं नाव नव्हतं. आपण मुलगी मागायला आलोय अशीच त्यांची समजूत होती. नवाफने अट घातली की यादीत लिनक्स वरच राहील. मी मान्य केलं, मेहदीने भिंतीकडे बघत मान्य केलं, आणि आम्ही गार कॉफी घशाखाली ढकलली.

विजयी मुद्रेने खाली आलो, तर रुदैना चहा पीत बसलेली. तिने खोका उघडून सुटलेली केबल खोचली होती, दोन ओळी टाइप करून यादी परत आणली होती आणि अर्जही धाडून दिला होता. वर कोण, खाली कोण, हे बघायला मेहदी आणि नवाफ पडद्यावर तुटून पडले. वर लिहिलं होतं ‘रुदैना’, खाली ‘पाहुणे’. हाजींनी विचारलं, मग समेट झाला की नाही? मटणाचं मन्सफ शिजलेलं होतं, तेव्हा झाला असं ठरलं.

सर्वांना सलाम.

तुझा
अदीब

ता. क. : रुदैनाला ती नोकरी लागली. पुढच्या रविवारी रुजू व्हायचंय. तुझी गच्चीवरची खोली तिला देशील ना?

ता. क. २ : ती केबल आपोआप सुटली नव्हती. नवाफने डिस्क बसवली तेव्हा बॅटरीचा उजेड मीच धरला होता, त्यामुळे कोणती ओढायची ते मला ठाऊक होतं. वाटलं, बुधवार निघून जाईल आणि पोरगी घरीच राहील. हे मेहदी-नवाफला कळू देऊ नकोस. त्यांचं भांडण आता कुठे मिटलंय.

ता. क. ३ : तिला मात्र पहिल्यापासून माहीत होतं. मी केबल ओढली तेव्हा ती दारात उभी होती, हे आज तिनेच सांगितलं. चार दिवस थांबले ते तुम्ही स्वतःहून लावाल म्हणून, असं म्हणाली. मग विचारलं, “बाबा, मी जाऊ नको का?” मी म्हणालो, “जा.” तिला ते पटलेलं दिसत नाही. तू फोन करून तिला सांग, की मी अगदी मनापासून म्हणालो. आणि ताई, तुला पटलं नाही तरी सांग.