तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

केशोरी,
३ ऑगस्ट २०२५

योगराजदादास,

आचलचा नमस्कार. वहिनीलेही सांगजो. इकडे पाणी बरं आहे, धानाची रोवणी आटोपत आली. तुमच्या तिरोड्याकडे झाली का?

मी आता मोहितच्या घरी नाही. धुरपताबाईकडे राहून राहिली. आमच्या रोवणीच्या टोळीची ती म्होरकी.

दवाखान्याचं झालं. डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी करून सांगतलं, दिवस कमी आहेत, गोळ्यांनी पाडता येते. नवऱ्याची सही मागतलीच नाही, बाई सज्ञान असली की तिचीच पुरते म्हणे. पहिली गोळी तिथंच घेतली. बाकीच्या दोन दिवसांनी घ्यायच्या होत्या, त्या घरी आणून तांदळाच्या डब्यात खुपसल्या. काऊन केलं विचारू नको. मागच्या वर्षी मोहितनं पोटावर लाथ घातली अन् चौथ्या महिन्यातलं लेकरू गेलं, तेव्हा तूच माझी समजूत घालून मले परत त्याच्या दारात सोडलं. आणखी एक लेकरू मी त्या लाथेपुढं ठेवणार नव्हती.

गोळ्या घ्यायच्या दिवशी सकाळी मोहित उठला तो थेट डब्यापाशी. तांदूळ अंगणात उलटला, गोळ्या शेणखड्ड्यात फेकल्या. मग माझं डोकं चौकटीवर आपटलं. दात पडला. केस धरून फरफटत नेलं, म्हणे आज मारूनच टाकतो. गळा धरला तेव्हा डोळ्यापुढं अंधारी आली.

पण रोवणीचे दिवस. एक बाई कमी पडली तरी काम अडते, म्हणून टोळी सकाळी घरोघरी हाका मारत फिरते. हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. धुरपताबाई दारात आली, मले पाहिलं अन् काही न विचारता काठीनं त्याचं मनगट मोडलं. मग बाकीच्या बाया तुटून पडल्या. खोटं कायले बोलू, मीही लाथ घातली. बरं वाटलं.

बायांनीच मले दवाखान्यात नेलं. टाके पडले. डॉक्टरीणबाईनं नव्यानं गोळ्या दिल्या, आपल्यासमोर गालात धरायले लावल्या. पोट लय दुखलं, रक्त गेलं, तिनं सांगतलं होतं तसंच. परवा परत तपासलं, सगळं ठीक आहे. पोलिसात रपटही दिली.

एक सांगायचं टाळून राहिली होती. मोहितनं घर धुंडाळलं नाही. पेटी उघडली नाही, गादी उचलली नाही. त्या दिवशी सोबत राहा म्हणून मी तुले आदल्या दिवशी फोन केला, तेव्हा तू मायेनं विचारलं, "गोळ्या कुठं ठेवल्या बाई?" मी सांगतलं. दुसऱ्या कोणालेच सांगतलं नव्हतं.

लेकरू झालं की जावई सुधरेल, असं तुले वाटलं असेल. मी मरून राहिली होती, दादा.

येत्या शनिवारी राखी आहे. या पाकिटात शोधू नको. यंदा मी धुरपताबाईच्या हाताले बांधीन.

तुझी म्हणून सही करत नाही.

आचल