तिसरा श्रोता

३ जून, सकाळी
रॉयल्टीवाल्यांची मेल. पुढच्या महिन्यापासून गाणी वाजवायचे दर तिप्पट. हलकट लेकाचे! गाणारा उपाशी, वाजवणारा मी कंगाल, आणि मधले हे एसीत बसून डल्ला मारणार. माझं ऑनलाइन रेडिओ स्टेशन बंद पाडायचा डाव आहे. घाबरतात मला.
आजपासून लढा. नोकरी शोधणं तूर्त स्थगित.

३ जून, दुपारी
लढ्याला लोगो हवा. आवळलेली मूठ काढली. वहिनी म्हणाली, बटाटा झकास आलाय हो भाऊजी. मग चिडून खरंच बटाटे काढत बसलो. मुठीपेक्षा बरे जमतात. चित्रकलेला जायला हवं होतं.

५ जून
हरकतीचा मसुदा तयार. 'माझ्या असंख्य श्रोत्यांच्या वतीने.' स्क्रीनवर आकडा तीनच दिसतो, पण तो त्या क्षणापुरता. त्यातला एक माझा लॅपटॉप, दुसरा माझा मोबाईल (क्वालिटी तपासायला). पण तिसरा! कधीही बघा, हजर. मी निवेदनात अडखळलो तरी हलत नाही. असा एक असला की असंख्य म्हणायला काय हरकत आहे?

६ जून
हरकत स्वतः नेऊन त्यांच्या टेबलावर आपटायची असं ठरवून निघालो. कोपऱ्यावर मित्राचा टेम्पो उभा. समुद्राकडे निघाला होता. बसलो.

९ जून
परतलो. इकडे तीन दिवस एकच गाणं गोल गोल फिरत होतं. दादा म्हणाला, या घरात वीजबिल मी भरतो, आणि मीसुद्धा तुझं स्टेशन लावत नाही.
तिसरा मात्र तिन्ही दिवस हजर. डोळे भरून आले.

१० जून
ऑन एअर विनंती केली, तिसऱ्या, नाव तरी सांग. उत्तर नाही. लाजाळू असावा.
किंवा असावी. दाढी केली.

१५ जून
अखेर त्यांच्या ऑफिसात धडकलो. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, तुम्ही संगीताचे मारेकरी आहात. त्यांनी शांतपणे विचारलं, श्रोते किती? म्हटलं, असंख्य. त्या म्हणाल्या, मग तिप्पट दर लागेल, दहाच्या आत असते तर वाढ माफ होती.
घसा खाकरला. म्हटलं, तसे मोजायलाच बसलं तर तीन.
बाई म्हणाल्या, ते आम्हाला माहीत आहे.
काय हेरगिरी चालते बघा!

२० जून, सकाळी
जिंकलो! वाढ माफ. एवढं मोठं ऑफिस माझ्यापुढे झुकलं. वहिनीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, खालचं बारीक अक्षरातलंही वाचा की.
खाली असं: 'आपले केंद्र लहान ठरल्याने, वाजवलेल्या गाण्यांची नोंद घेण्यासाठी आपले प्रक्षेपण अहोरात्र ऐकणारे आमचे यंत्र आज दुपारपासून काढून घेत आहोत.'
घ्या काढून. माझं काय जातंय?

२० जून, दुपारी
आकडा दोन.
मोबाईल हलवून पाहिला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. दोनच.
चोर! दरोडेखोर! मला न विचारता माझा श्रोता उचलून नेतात म्हणजे काय?
नवी हरकत लिहायला घेतली आहे. यंत्र ताबडतोब परत लावा. दरवाढ मान्य.