उलटं वेटोळं

रविवार, २ मार्च

पोचलो एकदाचा! घर बैठं, आटोपशीर आणि भरपूर उजेडाचं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातूनच दार असलेलं गॅरेज. खरं सांगायचं तर मी भाळलो तो गॅरेजवरच. इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची पेटी भिंतीवर आधीपासून बसवलेली. म्हणजे माझ्याआधी माझ्या गाडीची सोय झाली.

घरमालकीणबाई किल्ल्या द्यायला आल्या आणि तासभर बोलल्या. आधीचे भाडेकरू एकटेच असत. कोणात मिसळायचे नाहीत, बसून काहीतरी लिहीत असायचे. शेवटी त्यांचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. बाई म्हणाल्या, दोन वर्षांत कधी हसलेले पाहिले नव्हते, जाताना मात्र हसत हसत गेले. पेटी आणि केबल तशीच टाकून गेले.

केबल जमिनीवर ढीग होऊन पडली होती. असं काही दिसलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. मोजली, सात मीटर भरली. उद्यापासून लायब्ररीत नवी नोकरी, जुन्या पुस्तकांची सूची करायची. ठकीचा, म्हणजे माझ्या लेकीचा, फोन आला होता. तिचं आपलं एकच टुमणं, हट्ट सोडा आणि माझ्याकडे राहायला या. तिला म्हटलं, अगं, आधी गॅरेज तर लावू दे.

'ही' जाऊन आठ महिने झाले. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण रोजनिशीशी खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे.

मंगळवार, ४ मार्च

वायरमनला बोलावलं होतं. हसतमुख माणूस. पेटी तपासून म्हणाला, ठणठणीत आहे. केबल टांगण्याचं शास्त्र मात्र त्याने मला शाळामास्तरासारखं शिकवलं. हुक छातीच्या उंचीवर, भिंतीत गिट्टी नीट ठोकून. वेटोळी मोठी घ्यायची, लहान घेतली की केबलला पीळ पडतो. आणि गन, म्हणजे गाडीत खुपसायचं ते तोंड, कधी लोंबकळत ठेवायचं नाही, तिला भिंतीवर स्वतंत्र खोबण द्यायची. सगळी वेटोळी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मी म्हटलं, बाबा रे, हे मी बायकोला पस्तीस वर्षं सांगत होतो.

दोन हुक, एक खोबण, आणि खाली एक लहानशी फळी ठोकली. फळीवर ही वही आणि पेन. घरात इतकी शांतता आहे की कानात दडे बसतात. गाडी चार्ज होताना पेटी बारीक गुणगुणते, तेवढीच सोबत. तेव्हा लिहिणं आता इथेच, खुर्ची टाकून.

गुरुवार, ६ मार्च

एक गंमत झाली. दुपारी लायब्ररीत असताना मोबाइलवर पेटीचा संदेश आला. 'वाहन जोडले आहे. चार्जिंग सुरू. ३ टक्के.' खिडकीतून बघितलं, वाहन लायब्ररीच्या दारात, उन्हात उभं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, असली यंत्रं काहीही बरळतात.

घरी आलो. गन खोबणीत, केबल हुकावर, सगळं जागच्या जागी. फक्त वेटोळी उलटी. मीच घाईत गुंडाळली असणार. सोडून परत सुलटी गुंडाळली.

सोमवार, १० मार्च

आज तिसऱ्यांदा उलटी. संदेश आता रोज येतो, आज १८ टक्के. कुलूप शाबूत आहे आणि किल्ली माझ्या खिशात असते.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही डावखुरी होती. लोकर, दोरी, बागेतला पाइप, काहीही असो, ही उलटंच गुंडाळायची. आणि मी ते सोडून सुलटं करायचो. तिच्यादेखत! दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने थरथरत्या हाताने मोबाइलच्या चार्जरची वायर गुंडाळली, तर तीसुद्धा मी सोडली आणि सरळ करून दिली. ती नुसती बघत राहिली. काय बिघडलं असतं एक वायर उलटी राहिली असती तर? मला माझीच लाज वाटते.

गुंडाळून झालं की ती पिवळ्या चिंधीने गाठ मारायची, जुन्या पडद्याची पट्टी फाडून. आज चार पानं लिहिली. बरं वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

केबलच्या वेटोळ्याला पिवळ्या चिंधीची गाठ आहे.

मी तिथेच खुर्चीवर बसून ढसाढसा रडलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. वेटोळं सोडलं नाही. तिला म्हटलं, असू दे, तुझंच बरोबर. पेटी गुणगुणत होती, गाडी जोडलेली नसताना. संदेश ३१ टक्क्यांचा.

ठकीला सांगितलं नाही, वेड्यात काढेल. ती तेविसाला येणार आहे, रविवारी, आपली गाडी घेऊन. मला कायमचं न्यायचं म्हणते. मी टोलवाटोलवी केली. आता हे घर सोडून कसा जाऊ?

शुक्रवार, १४ मार्च

रोज संध्याकाळी लिहितो. हिचं गुणगुणणं, चप्पल काढायची पद्धत, माझ्यावर चिडली की कप उपडा घालून ठेवायची ते. लिहिलं की दुसऱ्या दिवशी ते घरात असतं. आज कप उपडा होता. मी हसत सुटलो.

माझ्याबद्दलही लिहितो. तिला इथलं सगळं कळायला हवं ना. लायब्ररीत कोणाला काय म्हणतो, ठकीशी फोनवर कसा बोलतो, कशावर चिडतो. ५२ टक्के. घसा थोडा बसलाय.

रविवार, १६ मार्च

ठकीशी बोलताना सहज चिंधीचा विषय काढला. ती म्हणाली, पिवळी? आईची चिंधी हिरवी असायची. पिवळे पडदे आजीच्या घरी होते, तुम्ही गल्लत करताय.

बरोबर आहे तिचं. हिरवी. हिरवीच होती. माझी चूक झाली.

पण चूक मी वहीत केली. हिची चूक कशी होईल?

म्हणजे घरात आहे ती ही नाहीच. जे काही आहे, त्याला हिच्याबद्दल मी लिहिलं तेवढंच ठाऊक आहे.

सोमवार, १७ मार्च

मेन स्विच बंद केला. पेटीचा हिरवा दिवा तसाच. वायरमनला पुन्हा आणलं. त्याने हातही लावला नाही. दारातूनच म्हणाला, वीज बंद आहे, मग दिवा कशावर चालतो? गेला.

जुनी पानं आणि संदेश ताडून बघितले. चार पानं लिहिली त्या दिवशी तेरा टक्के वाढले. चार ओळी लिहिल्या तेव्हा दोनच.

आता ६८. थोडंच लिहायचं.

बुधवार, १९ मार्च
(हे लायब्ररीत, सूचीच्या कोऱ्या कार्डावर लिहितोय. कार्ड इथल्याच खणात राहील.)

लिहिणं बंद करून बघितलं. एक दिवस. संध्याकाळी जीव कासावीस झाला, हात आपोआप वहीकडे गेला. आवाज इतका बसलाय की शेजारच्या बाईंना चिठ्ठ्या लिहून देतो. त्या म्हणाल्या, तुम्ही सुकत चालला आहात.

भीती माझी नाही. रविवारी ठकी येणार, तिची आहे.

ती लहान असल्यापासून आमचा एक खेळ आहे. घराच्या दारात उभी राहून ती ओरडते, 'घरात कोण आहे?' मी आतून एक ठरलेलं उत्तर देतो. आजही, तिशी उलटली तरी. ते उत्तर मी कार्डावरही लिहिणार नाही. काल घरच्या वहीत मात्र खोटं लिहून आलो, की मी म्हणतो, 'राजा आहे, राजा!' आयुष्यात पहिल्यांदा रोजनिशीशी खोटं बोललो.

आतून कोणी राजा म्हणालं, तर ठकीला कळेल.

गुरुवार, २० मार्च
(कार्डावर)

सकाळी मोबाइल फळीवर विसरलो. दुपारी घरी जाऊन बघितलं तर ठकीला फोन लागलेला, अकरा मिनिटांचा. मी तेव्हा लायब्ररीत होतो.

लगेच तिला लिहून पाठवलं, येऊ नकोस. तिचं उत्तर आलं, काय गंमत करताय? आत्ताच तर लवकर ये म्हणालात. किती छान वाटलं तुमचा आवाज ऐकून, किती हसत होतात!

हसत.

आधीचे भाडेकरू. भाऊ न्यायला आला. हसत गेले. भावाने घरी नेलं ते कोण होतं?

ते हिच्यासारखं होत नव्हतं. सुरुवातीपासून माझ्यासारखं होत होतं.

शनिवार, २२ मार्च
(कार्डावर)

ठकी ऐकत नाही. कळवलं की मी तिच्याकडेच निघालोय, तर म्हणे मघाशीच पुन्हा फोन केलात, वाट बघतोय म्हणालात. मोबाइल तर माझ्या खिशात होता. माझ्या तोंडून आता नुसती हवा येते.

आजच निघतो. तिला वाटेतच गाठायचं. हिचा फोटो घरात राहिलाय तेवढा — तो घेतला की लगेच बाहेर. गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही.

रविवार, २३ मार्च
(वहीत)

स्वयंपाकघरात, खुर्चीवर. फोटो मांडीवर आहे.

केबल गॅरेजच्या दारातून आत आलीय. पायांना, पोटाला, खांद्यांना. मोठी मोठी वेटोळी, कुठे पीळ नाही. उलटी. सात मीटरपेक्षा कितीतरी जास्त.

उजवा हात मोकळा ठेवलाय. पुढ्यात वही. पेन. मोबाइल ओट्यावर, हात पोचत नाही, आकडे तेवढे दिसतात.

लिहायचं नाही.

९१.

सकाळचं ऊन आलं ओट्यावर. तास दोन तास झाले असतील. किती एकटं — लिहायचं नाही म्हटलं ना —

९५.

गॅरेजमध्ये कोणीतरी चालतंय. माझ्या चपला घालून. माझ्यासारखंच खोकतंय.

गाडी आली. ठकीची.

शटर वर गेलं. ओरडतोय मी, आवाज नाही. पाय आपटता येत नाही —

तिने हाक मारली. घरात कोण आहे?

माझ्या आवाजात उत्तर गेलं. राजा आहे, राजा!

गप्प. ठकी गप्प झाली.

अजून गप्प. कळलं! कळलं तिला! माझी शहाणी पोर — पुन्हा विचारतेय, आवाज बदललाय तिचा, घाबरली आहे — जा, ठकी, गाडीत बस, नीघ — राजा कधीच नव्हता, तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून आपलं उत्तर एकच, कोणी नाही, घरात कोणी ना

देवा. हे मी काय —

हाताला सवय —

तिकडून माझाच आवाज. हसत. कोणी नाही! घरात कोणीच नाही!

ठकी हसली. केवढ्याने हसली. म्हणतेय, घाबरवलंत ना मला, चला, बसा गाडीत —

ठकी मी इथे आहे मी अजून इथे आ