सासूपासून लपवलेली सुई

दिघाशी, ता. ५ जानेवारी २०२४

चि. सौ. मृणालीस, आई हौसाचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या गोदूच्या हाती तुझं पत्र मिळालं. ती गोदामाच्या कामाला शेलारला येते म्हणून बरं. फोन केला तर तुझी सासू स्पीकर लावून ऐकत बसते.

डॉक्टरीण म्हणते, तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ टक्के आलीय, ती साडेसहाच्या आसपास उतरली की मगच मुलाचं बघा. तोवर फॉलिकच्या गोळ्या, आणि सुई दिवसाला चार वेळा. तिला सांगायला काय जातं? दोन वेळा लपवताना तुझी तारांबळ, चार वेळा कुठं लपवशील? पण घरात बोलू नको. बाराव्या वर्षापासूनचा डायबेटीस आपण लग्नात सांगितला न्हाय. आता कळला तर माझ्या तोंडात शेण घालतील.

सोमवारी सासू अकलोलीला नेते तर जा. गरम कुंडात बुडी मारली की कूस उजवते असं मानते ती, मानू दे. उपाशी चल म्हणते तर उपाशी जा. सुई मात्र रोजच्यासारखी घे. वाद घालू नको.

आईची आठवण ठेव, नुसती कामापुरती नको.
हौसा

शेलार, ता. १० जानेवारी

ती. आईस, मृणालीचा सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच केलं. सुई घेतली, खाल्लं काही नाही, कुंडात उतरले. गरम पाण्यात सुईचा जोर वाढतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या बुडीला हातपाय थरथरले, पुढचं आठवत नाही. सासूबाईंनी मला दंडाला धरून ओढून काढलं. पर्स उलटी केली तेव्हा त्यांना इन्सुलिनचं पेन सापडलं.

यांनी एवढंच विचारलं, की दोन वर्षं बाथरूमची कडी लावून काय करत होतीस ते मला का नाही सांगितलंस. सासूबाई आधी रडल्या. मग म्हणाल्या, फसवून दिलेली सून नको. रविवारी ठरवणार आहेत.

आई, मला मूल हवंय, धडधाकट. त्यासाठी सहा महिने हवेत, आणि कडी न लावता सुई घेता यायला हवी.

माया आहेच, पण आज जास्त लिहवत नाही.
मृणाली

दिघाशी, ता. ११ जानेवारी

सौ. विहीणबाई धोंडूबाई यांस, हौसाचा स. न. वि. वि.

मी चौथी नापास. अक्षर लागलं न्हाय तर पोरीकडून वाचून घ्या.

आजार मी लपवला. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती सांगून टाकते म्हणत व्हती, मी तिच्या थोबाडीत दिली. उपाशी चल हे तुम्ही बोललात, सुई घे हे मी. तुम्हाला आजार ठाऊक नव्हता, मला व्हता. एवढाच फरक, आणि तो लहान न्हाय.

रविवारी येते. चारचौघांत काय बोलायचं ते बोला, उलट उत्तर देणार न्हाय. पण पोरीला परत न्यायला मी येत न्हाय. माझ्या घरात ती लपवायलाच शिकली. तुमच्या फ्रिजात दुधाशेजारी तिच्या औषधाला जागा करा. तिला वेळेवर जेवायला वाढा. साखर उतरून डॉक्टरीण हो म्हणेपर्यंत मुलाचा विषय काढू नका, कुमार जावयांनाही सांगा.

शेवटी माझ्यावर लोभ असावा असं लिहायची रीत हाय. ते मी लिहीत न्हाय. तिच्यावर असू द्या.
हौसा