लाल रंग गैरहजर असल्याबाबत

ती. मामा यांस,

तुमच्या भाच्याचा नमस्कार. साष्टांग म्हणणार होतो, पण आठही अंगं रविवारीच टेबलाखाली प्लग शोधताना जमिनीला टेकवून झाली आहेत, आणि तेव्हा समोर तुम्ही नव्हता, धूळ होती. तोच नमस्कार तुमच्या नावावर धरावा. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा घसा बसला होता तो उठला का? इकडे आई ठीक. बाबाही ठीक असावेत, पण खात्री देता येत नाही, कारण मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. ("त्याला सांग, पंखा बंद कर." मी पंख्याखालीच बसलेला असतो.)

फोन न करता पत्र का, तर मागच्या फोनवर मी "तुमचा मॉनिटर तुम्हीच डोक्यावर घेऊन नाचा" असं म्हणून फोन ठेवून दिला होता. ते शब्द परत घेतो. फोनवर माझं तोंड माझ्या आधी सुटतं, कागदावर निदान खोडता येतं. तेव्हा या पत्रात जिथे जिथे खाडाखोड दिसेल तिथे तिथे भाच्याने राग गिळला आहे असं समजून कौतुक करावं. पत्र आईच्या हाती देतो आहे. ती उद्या शुक्रवारी तुमच्याकडे येणार आणि शनिवारी दुपारी परत निघणार, हे लक्षात असू द्या. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

कॉलेजचं तुम्ही आईकडून ऐकलं असेल, पण आई त्यात रडण्याचा भाग वाढवते. घडलं एवढंच, की सर भर वर्गात म्हणाले, तुला शेवटी बापाच्या दुकानातच बसायचंय, मग इथली जागा कशाला अडवतोस. मी "बरं" म्हणालो आणि उठून निघालो. जिन्यापर्यंत आलो तेव्हा आठवलं की छत्री वर्गात खिडकीला लटकते आहे. आता मला सांगा मामा, बाणेदारपणे निघून गेलेला माणूस "सर, छत्री राहिली" म्हणून परत आत जाऊ शकतो का? मी गेलो नाही. छत्रीसाठी गेलो नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, आणि मग जाणं राहूनच गेलं. या गोष्टीला सात महिने झाले. छत्री अजून शिकते आहे, मी बाबांच्या दुकानात लोकांच्या झेरॉक्स काढतो आहे.

आता मॉनिटर. तुम्ही तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातला जुना मॉनिटर मला दिलात तेव्हा म्हणाला होता की दहा वर्षं याच्याकडे बघायला नको. (न बघता मॉनिटर कसा वापरायचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.) दोन महिने तो गुणी बाळासारखा वागला. गेल्या रविवारी मात्र चित्र थरथरायला लागलं. आधी कडेला, मग मधोमध, मग आडव्या रेघा, आणि मग दर पाच मिनिटांनी दोन सेकंद काळोख. मी सल्ला घेतला. इंटरनेटवर चार भले लोक भेटले. एक म्हणाला ड्रायव्हर नवा टाक, दुसरा म्हणाला जुनाच परत टाक, तिसरा म्हणाला रिफ्रेश रेट कमी कर, आणि चौथ्याने कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगितलं. मी चौघांचंही ऐकलं, त्यामुळे चित्र होतं तसंच राहिलं आणि आवाज बंद पडला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने मान हलवून, मॉनिटर सोडून बाकी सगळं बदलावं लागेल असं सांगितलं. बाबांनी निदान केलं ते वेगळंच. ("त्याला सांग, मॉनिटर नाही थरथरत, डोळे गेलेत.")

शेवटी मी आपल्या घराण्याचा उपाय केला. आजोबा रेडिओला दोन थपडा द्यायचे, आई मिक्सरला देते, आणि तुम्ही तर गिऱ्हाइकासमोर टीव्हीला देता आणि वर त्याला "तपासणी" म्हणता. मी मॉनिटरला दोन दिल्या. काही झालं नाही. मग मंगळवारी संध्याकाळी मी ती मागची निळ्या डोक्याची केबल हलक्या हाताने काढली, हलक्या हाताने परत बसवली, आणि काय सांगू, थरथर पार गेली. रेघ नाही, काळोख नाही. इथवर सगळं छान आहे. इथून पुढे तुमच्या भाच्याचं वाटोळं सुरू होतं.

आमच्या दुकानासमोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे एक मुलगी काम करते. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, स्वतःला चष्मा नसूनही. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. (खालची साडेतीन ओळींची खाडाखोड रागाची नाही.) एवढंच सांगतो, की चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू ती अशी बसवते की बघणाऱ्याने श्वास रोखावा. मी दिवसातून दोनदा काही ना काही निमित्त काढून जातो, माझ्या उन्हाच्या चष्म्याची दांडी तर आता सैल व्हायलाही कंटाळली आहे. स्क्रू बसवताना ती माझ्याशी एक शब्द बोलत नाही, खाली बघून नुसती "हं, हं" करते. याला लाज म्हणतात, एवढं मला कळतं.

दुकानं बंद झाली की आम्ही दोघं आपापल्या घरून एकाच खेळात असतो. खेळ जोडीचा आहे. एक किल्ला, त्यात शत्रू. एकाने दिवा घेऊन पळायचं, दुसऱ्याने धनुष्यबाण घेऊन त्याला राखायचं. दिवा ती घेते, राखतो मी. आपल्या बाजूची माणसं लाल अंगरख्यात, शत्रू काळ्या अंगरख्यात. येत्या रविवारी मोठा सामना आहे, बत्तीस जोड्यांचा, आणि जोडीची नावं शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची आहेत. आमची जोडी ठरलेली होती. मात्र सोमवारी, खेळता खेळता, तिने विचारलं की कॉलेजला परत कधी जाणार. मी म्हणालो, तुला काय करायचंय. तिने खेळ बंद केला. मीही केला. (मला त्यानंतर जेवण गेलं नाही, पण ते तिला कसं कळणार.)

आणि मंगळवारी हे झालं. थरथर गेल्याच्या आनंदात मी खेळ उघडला. सगळं चित्र जरा हिरवट निळसर होतं. मला वाटलं, किल्ल्याचा नवा भाग आला, शेवाळलेला. आम्ही शेवटच्या दरवाजापर्यंत आलो, मी कमानीवर चढून बसलो, आणि बघतो तर एक काळा अंगरखा थेट माझ्याकडे पळत येतो आहे. मी तीन बाण मारले. मामा, एकही चुकला नाही. वर अभिमानाने लिहिलं, "एक खलास." मग माझ्या लक्षात आलं की जमिनीवर दिवा पडला आहे.

तिचा एकच निरोप आला. "शेवटी रंग दाखवलासच."

यावर मी काय उत्तर द्यावं? मी खरं तेच लिहिलं, की अगं, रंगच दिसत नव्हता. तिला वाटलं मी वर शब्दांचे खेळ करतोय. सोमवारच्या बोलण्याचा मी डूख धरला आणि बाण मारून सूड घेतला, असा तिचा समज झाला. त्यानंतर तिने बोलणं टाकलं. तिच्या दुकानात लेन्स पोचवणारा एक आहे, केसांना तेल आणि बोलण्यात साखर. तोही हा खेळ खेळतो, असं काल कळलं. रविवारी दिवा त्याच्याबरोबर जाणार, असंही कळलं.

तिची समजूत घालायला जाणार, तोच बुधवारी सकाळी बाबा माझं मनगट धरून मला डोळे तपासायला घेऊन गेले. कुठे, ते सांगायला नको. तपासायला बसली तीच. बाबा तिथेही माझ्याशी बोलेनात. "त्याला विचारा, अंक दिसतो का." तिने ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. लाल ठिपक्यांत दडलेले आकडे, हिरव्या ठिपक्यांत दडलेले आकडे. आता बघा माझी कशी कोंडी झाली. चुकीचं सांगावं तर बाबा जिंकणार, आणि खरं सांगावं तर मी मेलो. पण तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. मी पुस्तकभर आकडे सांगितले, एक चुकला नाही.

"लाल दिसतो ना नीट?" तिने विचारलं.

"दिसतो."

"मग."

मामा, आजवर माझ्यावर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, पण "मग" एवढ्यात कोणी संपवलं नव्हतं. मी मॉनिटरचं नाव घेतलं, तर म्हणाली, यंत्रावर ढकलू नकोस. बाबा जाताना तिला सांगून गेले, "त्याला सांगा, डोळे चांगले आहेत, वापर वाईट आहे."

घरी आल्यावर मी पडद्यावर आईचा लाल स्वेटरमधला फोटो उघडला. स्वेटर काळा. टोमॅटो उघडला, काळा. लाल रंग सरळ बेपत्ता आहे. आईला दाखवलं, तिला पटलं, पण आईची साक्ष कुठे चालते? झेरॉक्स काढून न्यावी, तर आपल्या यंत्रात सगळंच काळं येतं.

असो. प्रकृतीची काळजी घ्या. गुडघ्याला जपा. थोरांना नमस्कार, आणि तुमच्या दुकानातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तूंना माझ्याकडून सहानुभूती.

तुमचा,
(तुमच्या मते) वाया गेलेला,
भाचा

ता. क. एक काम होतं. तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, ज्यावर "सर्व प्रकारच्या विद्युत उपकरणांची खात्रीशीर दुरुस्ती" असं वर लिहिलेलं असतं, त्यावर मला एक दाखला द्यावा. मजकूर असा: "दाखला देण्यात येतो की सदर मॉनिटरमध्ये मंगळवारी संध्याकाळी लाल रंग गैरहजर होता. दोष वस्तूचा आहे, माणसाचा नाही." खाली सही आणि शिक्का. शिक्का निळ्या शाईचा मारा, लाल नको, उगाच संशय यायचा. आई शनिवारी दुपारी निघेल तेव्हा तिच्याबरोबर नक्की द्या, पाचच्या आत मला तो समोरच्या दुकानात पोचवायचा आहे. मॉनिटर न बघता दाखला कसा देऊ, असं म्हणू नका. तुम्हीच म्हणाला होता की दहा वर्षं याच्याकडे बघायला नको.

ता. क. २. (दुपार.) दाखला लिहायची घाई करू नका. आत्ता जेवणाआधी केबल काढून बघितली. तिच्या तोंडात पंधरा पिना असतात. त्यातली पहिली वाकून आडवी झोपली आहे. म्हणजे लाल रंग तिथून येत असणार. केबलच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ते आवळायला तुम्ही मॉनिटर देताना दोनदा सांगितलं होतं. मी आवळले नव्हते. म्हणून ती सैल झाली आणि थरथर सुरू झाली. आणि वर मी केबल "हलक्या हाताने" काढली आणि "हलक्या हाताने" बसवली असं लिहिलं आहे, ते खरं नाही. मी ती उपटली आणि शिव्या देत वाकडी खुपसली. खोडणार होतो, पण शाई वाळली आहे, आणि या पत्रात आधीच फार खाडाखोड झाली आहे. दोष माणसाचा आहे, वस्तूचा नाही. असा दाखला तुम्ही छापील कागदावर देत असाल तर तोही नको.

ता. क. ३. (संध्याकाळ.) दाखला अजिबात नको. दुपारी केबल घेऊन मीच समोर गेलो. तोंडाने सांगायला गेलो की माझं भांडण होतं, म्हणून हे पत्रच तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, हे वाच, यात सगळं आहे. तिने भिंग लावून पिन बघितली, चिमटा घेतला आणि एवढ्याशा वेळात ती सरळ केली. मला वाटतं तिने श्वाससुद्धा घेतला नसावा. मग म्हणाली, पत्र ठेवून जा, वाचते, तोवर तू तुझी छत्री घेऊन ये.

छत्री घेऊन आलो. ती सात महिने शिपाई वापरत होता, परत देताना त्याचा चेहरा उतरला. येताना कॉलेजच्या खिडकीवरून परत प्रवेशाचा फॉर्मही आणला. आता खरं काम. फॉर्म या पत्रासोबत आहे, त्यावर पालकाची सही लागते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्याला सांग, मी एकदा केली होती." पालक म्हणून मामा चालतात, खिडकीवर विचारून घेतलंय. शेवटची तारीख सोमवार. जिथे फुली केली आहे तिथे सही करा, आणि मामा, हलक्या हाताने करा, कागद पातळ आहे.

छत्री घेऊन चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मी तिला पत्र दिलं ते सगळंच दिलं, तिच्याबद्दलच्या मजकुरासकट. तिने ते घडी करून माझ्या हातात ठेवलं आणि रविवारच्या जोडीत माझं नाव घालून टाकल्याचं सांगितलं, स्क्रू आवळेन या अटीवर. वर तुम्हाला पेन्सिलीच्या खुणा दिसतील त्या तिच्या आहेत. "हलक्या हाताने" या शब्दांखाली दोनदा रेघ आहे. आणि "याला लाज म्हणतात" यासमोर समासात बारीक अक्षरात लिहिलंय: "लाज नाही. तोंडात स्क्रू असतो."

मी वाचलं आणि विचारलं, आणि स्क्रू नसतो तेव्हा? तर तिने समोरच्या वाटीतला एक स्क्रू उचलून ओठात धरला आणि खाली बघत राहिली. मामा, तिच्या हातात चष्मा नव्हता.